रोजचं वचन वाचते, पण एका ओळीपाशी अडकले आहे. पुढे जाऊ की तिथेच थांबू?

गिरीजची_सून

सर्वांना नमस्कार. मी वसईतल्या गिरीजला राहते, माहेर नंदाखालचं. अंधेरीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे घर सोडते तेव्हा उजाडलेलंही नसतं.

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे आठवडे, सुरू झाला तेव्हा ठरवलं होतं की त्या त्या दिवशीच्या मिस्सेचं (चर्चमधल्या उपासनेचं) शुभवर्तमान, म्हणजे प्रभू येशूच्या चरित्रातला नेमलेला उतारा, सकाळी वाचल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. त्याआधीही 'आजचं वचन' रोज मिळायचंच. पहाटे चार-पाच ग्रुपवर फुलांच्या चित्रावर लिहून यायचं, मी हात जोडल्याचं चिन्ह टाकून आईला पुढे पाठवायचे, आणि गाडी नायगावला पोचेपर्यंत काय वाचलं ते आठवायचं नाही. म्हणून फोन बाजूला ठेवला आणि पुस्तकातून वाचायला लागले. चहाचं आधण ठेवायचं आणि ओट्याशी उभं राहूनच वाचायचं, जरा मोठ्यानं, म्हणजे सासूबाईंनाही ऐकू जातं. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही.

नाताळ झाला, राखेचा बुधवार आला, सगळं नीट चाललं होतं. मग प्रायश्चित्तकाळाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळाच्या, पहिल्या आठवड्यातला शुक्रवार आला. मत्तयचा पाचवा अध्याय. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेली ओळ. त्या दिवशी मी ती वाचली आणि सासूबाई आतून म्हणाल्या, "परत वाच गं."

आमच्या घरची गोष्ट सांगावी लागेल. वसईबाहेरच्यांना माहीत नसेल, बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, त्यावर केळी, पानवेली, मोगरा, भाजीपाला होतो, आणि आजूबाजूच्या विहिरींचं पाणी खारं होत नाही तेही त्याच्याच जोरावर. आमचं बावखल चुलत सासऱ्यांबरोबर सामाईक आहे, सातबाऱ्यावर दोन्ही घरांची नावं आहेत. त्यांनी त्यांच्या बाजूनं डबर टाकून ते बुजवायला घेतलं. माझ्या नवऱ्यानं तहसीलला लेखी तक्रार दिली. काम थांबलं, आणि बोलणंही थांबलं. पूर्वी त्यांच्याकडून सुकेळी यायची, आमच्याकडून त्यांना अळूची पानं जायची. आता मुलंसुद्धा कुंपणापाशी गप्प होतात.

रविवारी एकाच मिस्सेला असतो. शांतीचं चिन्ह देताना आम्ही हात जोडून डावीकडे वळतो, ते उजवीकडे. बाकी सगळ्यांना प्रभूची शांती देऊन होते, फक्त त्यांना नाही.

त्या शुक्रवारनंतरही रोजचं शुभवर्तमान मी उघडते, पण वाचताना डोक्यात तीच ओळ चालू असते. म्हणून विचारते. रोजचं वाचन तसंच पुढे नेऊ, की या ओळीचं काही होईपर्यंत इथेच थांबू? आणि 'समेट कर' याचा अर्थ तक्रार मागे घे असा होतो का? तक्रार मागे घेतली तर बावखल जाईल, हे मला स्वच्छ दिसतंय. फादरांना विचारणारच आहे. पण संसार, नोकरी सांभाळून वचन वाचणारे तुम्ही लोक अशा वेळी काय करता, ते ऐकायचं आहे.

निर्मळचा_मास्तर

ताई, मी शाळेतून निवृत्त झालो, पण चर्चमधला धर्मशिक्षणाचा वर्ग अजून घेतो. तुमचा प्रश्न दोनदा वाचला.

आधी वाचनाचं सांगतो. वाचन थांबवू नका. मिस्सेची वाचनं आपण निवडत नाही, हाच त्यांचा मोठा फायदा. रविवारचा क्रम तीन वर्षांचा, कामाच्या दिवसांचं पहिलं वाचन सामान्य काळात, म्हणजे नाताळ-ईस्टरचे खास काळ सोडून उरलेल्या वर्षात, दोन वर्षांच्या क्रमानं, आणि कामाच्या दिवसांचं शुभवर्तमान दरवर्षी तेच. म्हणजे ही ओळ तुमच्याकडे पुन्हा येणार आहे, सामान्य काळात एकदा येते आणि पुढच्या प्रायश्चित्तकाळात पुन्हा. आपल्या हातात असतं तर आपण अडचणीची पानं उलटूनच टाकली असती. उद्याचं शुभवर्तमान उद्या वाचा, आणि ही ओळही सोबत राहू द्या. दोन्ही एकदम चालतं.

मी लहान होतो तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये होती. घरात रोझरी व्हायची, संतांच्या गोष्टी व्हायच्या, पण बायबल उघडून बसलेलं मी कुणाला पाहिलं नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1965 साली सगळ्या श्रद्धावंतांना पवित्र शास्त्र वाचायला आवर्जून सांगितलं, आणि त्याच काळात उपासना आपल्या भाषेत आली. त्यामुळे तुम्ही ओट्याशी उभ्या राहून मराठीत शुभवर्तमान वाचता आणि सासूबाई ऐकतात, हे माझ्या आईच्या नशिबी नव्हतं. ते सोडू नका.

आता त्या ओळीचं. नीट वाचा, प्रभू कुणाच्या मनाबद्दल बोलतो आहे? 'तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर' असं तो म्हणत नाही. 'भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर' असं म्हणतो. बरोबर कोण, चूक कोण, हा प्रश्न त्या वाक्यात आलेलाच नाही. समोरच्याला दुखलं आहे एवढं तुम्हाला आठवलं, की निघायचं.

दुसरी गोष्ट मी वर्गातल्या मुलांना नकाशा काढून दाखवतो. हे बोलणं गालीलात चाललं आहे आणि अर्पणाची वेदी यरुशलेमच्या मंदिरात आहे. मधलं अंतर शंभर किलोमीटरहून जास्त, पायी जायला काही दिवस. ऐकणारे गालीलातले शेतकरी, कोळी. त्यांच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल? इतकं चालून मंदिरात पोचलो, आणि तिथून माघारी गावी भावाच्या दारात जायचं, मग पुन्हा सगळी वाट तुडवायची. तुमचे चुलत सासरे कुंपणापलीकडे आहेत. अंतर कमी आहे म्हणून सोपं आहे असं मी म्हणणार नाही. उलट, रोज तोंड दिसणाऱ्या माणसाकडे जाणं जड जातं.

तक्रारीबद्दल. लगेच पुढची ओळ, पंचविसावी, फिर्याद करणाऱ्याबरोबर वाटेत आहेस तोवरच मिटव म्हणते. म्हणजे वाद आहे, न्यायालयाची वाट आहे, हे प्रभूला ठाऊक आहे. वाद नाहीच असं दाखवायला तो सांगत नाही. उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात इसहाकाची आणि गराराच्या गुराख्यांची विहिरींवरून भांडणं आहेत, ते सासूबाईंना वाचून दाखवा. इसहाक दोन विहिरी सोडून पुढे गेला आणि तिसरी खणली. पण त्याच्यापुढे मोकळी जमीन होती. आपल्या वसईत एक बावखल बुजलं की दुसरं खणायला जागा कुठून आणणार? त्यामुळे इसहाकासारखं सोडून द्या, असा सल्ला मी देणार नाही. पाणी फक्त तुमच्या दोन घरांचं नाही, आजूबाजूच्या विहिरींचंही आहे. त्या अध्यायाचा शेवट मात्र बघा. ज्यांनी त्याला हाकललं होतं ते स्वतः चालून आले, तेव्हा इसहाकानं त्यांना जेवायला वाढलं आणि शपथा झाल्या. जेवण आधी, करार नंतर.

उत्तनची_मावशी

बाय, मास्तरांनी चांगलं सांगितलं. मी शिकलेली कमी, पण तुझ्यासारखी अडकलेली आहे, म्हणून लिहिते. हळूहळू टाइप करते.

आमची होडी आहे, नवरा तांडेल, होडी तोच चालवतो. आम्ही आळीतल्या बायका आठवड्यातून एकदा वचनाला बसतो. पावसाळ्यात कुणाच्या तरी ओटीवर, एरवी बोंबील सुकवायच्या जागेवर, काठ्यांच्या सावलीत. फादरांनी आम्हाला सात पायऱ्यांची पद्धत शिकवली, ती दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को नावाच्या संस्थेत तयार झाली म्हणे. प्रभूला बोलवायचं. उतारा वाचायचा. ज्याला जो शब्द लागला तो त्यानं मोठ्यानं म्हणायचा, नुसता शब्द, भाषण नाही. मग गप्प बसायचं. मग ज्याला वाटेल त्यानं आपलं सांगायचं, कुणी कुणाला शिकवायचं नाही. सहाव्या पायरीला ठरवायचं, आता काय करायचं, कुणी करायचं, केव्हा करायचं. शेवटी प्रार्थना. सहावी पायरी आली की बायकांना घरची कामं आठवतात. पहिल्या पाच सगळ्यांना आवडतात.

आमच्याकडे झालं असं. आमच्याच गावच्या दुसऱ्या होडीच्या जाळ्यात आमची डोल गुंतली. रात्रीची वेळ, पाण्याला ओढ, त्यांनी आमचं जाळं कापलं आणि आपलं सोडवून घेतलं. नव्या जाळ्याला किती पैसे लागतात ते कोळ्याच्या घरात विचार. भरपाई मागितली, दिली नाही. गावच्या बैठकीत बोलणं झालं, त्यातून आणखी वाढलं. पूर्ण हंगाम दोन घरं बोलली नाहीत. त्यांची सून बाळंत झाली, मी गेले नाही.

मग जून लागला. जून-जुलै आपल्याकडे मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, माणसं घरात, जाळी दुरुस्तीला काढलेली. त्या बंदीत आम्ही मत्तयचा अठरावा अध्याय घेतला. तुझ्या भावानं तुझा अपराध केला तर जा, तुम्ही दोघंच असताना त्याला सांग. वाचणारी मीच होते. 'दोघंच असताना' इथं माझा आवाज थांबला. आम्ही बैठक बोलावली होती, चार लोकांत बोललो होतो, मच्छीमार सोसायटीत बोललो होतो. दोघंच असताना कुणी कुणाशी बोललंच नव्हतं.

सहाव्या पायरीला बायकांनी मला काही विचारलं नाही. मीच म्हटलं, मी जाते, शनिवारी जाते. दिवस सांगितला नसता तर गेले नसते.

त्या घरची बाई दारात जाळं भरत बसली होती. मी तिच्या बाजूला बसले आणि म्हटलं, "बाळ बघायला आले, उशीर झाला." ती उठून आत गेली आणि बाळाला घेऊन आली. जाळ्याचं मी तिला मग सांगितलं, आम्हाला किती जड गेलं ते. ती ऐकत राहिली. तिनं सांगितलं, त्या रात्री तिचा मुलगाही होडीवर होता, होडी कलायला लागली होती, म्हणून कापलं. हे आम्हाला कुणी बोललंच नव्हतं.

जाळ्याचे पैसे आम्हाला आजतागायत मिळालेले नाहीत. माझ्या नवऱ्याला अजून वाटतं की मिळायला हवे होते, आणि मलाही वाटतं. पण आता पाण्यावर दोन होड्या एकमेकींना वायरलेसवर हाक मारतात. वारा फिरला, कुणाचं इंजिन बंद पडलं, तर सांगतात. कोळ्याला हे केवढं मोठं, ते तुला वाडीतल्या बाईला समजेल, तुमच्यातही एकाच्या विहिरीवर दुसऱ्याचा पंप चालतो.

म्हणून तुला सांगते, ज्या ओळीनं तुला धरलं तिला सोडू नकोस. पुष्कळ ओळी आपल्यावरून पाण्यासारख्या वाहून जातात, त्यांचं वाईट वाटून घेऊ नये. एखादी धरते, ती तुझ्यासाठी असते. मी तर दिवसाला एकच ओळ घेते. पहाटे वाचते, बोंबील घालताना मनात म्हणत राहते, आणि रात्री निजताना प्रभूला विचारते, आज ही ओळ कुणाच्या चेहऱ्यात दिसली? कधी गिऱ्हाइकाचा चेहरा येतो, कधी परगावच्या खलाशी पोराचा, ज्याचा पगार द्यायचा राहिला असतो. मग उद्याचं काम ठरतं.

आणखी एक. लूकच्या पाचव्या अध्यायात प्रभू पेत्राच्या होडीत चढला तेव्हा ते जाळी धुत होते. रात्रभर काही मिळालं नव्हतं आणि तरी धुत होते. रिकामं जाळंसुद्धा धुवावंच लागतं, चिखल असतो, चिकट घाण असते, आणि त्या वेळी अंगात त्राण नसतं. त्या वेळी त्याला सांगितलं, खोल पाण्यात चल. पेत्राला हौस नव्हती. तुझ्या शब्दावरून टाकतो, म्हणाला. तुला जायची इच्छा होईल तेव्हा जाईन असं म्हणत बसलीस तर ती इच्छा येणार नाही.

वेंगुर्ल्याचा_भाऊ

ताई, मी प्रोटेस्टंट मंडळीतला, त्यामुळे तुमच्यासारखं रोजचं नेमलेलं वाचन आमच्याकडे नसतं. आमच्या घरी रात्री जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना होते. एखादं पुस्तक पहिल्या अध्यायापासून शेवटपर्यंत, रोज थोडं थोडं. म्हणून माझा सल्ला वरच्या दोघांपेक्षा जरा वेगळा आहे.

एका ओळीपाशी फार दिवस राहिलं तर ती ओळ आपण स्वतःला मारायला वापरू लागतो, हे मी माझ्या आईत पाहिलं आहे. तिला एका वचनानं इतकं धरलं होतं की त्याच्या शेजारचं सांत्वन तिला दिसेना. म्हणून तुम्ही मत्तयचे पाच, सहा, सात हे तीन अध्याय एका बैठकीत सलग वाचा. डोंगरावरचं प्रवचन सगळं एकत्र कानावर पडू द्या. समेटाची आज्ञा देणारा त्याच अध्यायात पुढे चव्वेचाळिसाव्या वचनात वैऱ्यासाठी प्रार्थना करायला सांगतो, आणि सहाव्या अध्यायात 'आमच्या स्वर्गातील पित्या' शिकवतो. म्हणजे दारात जाण्याआधी करायला एक काम तुमच्या हातात आहे. चुलत सासऱ्यांसाठी नाव घेऊन प्रार्थना करा. त्यांच्या तब्येतीसाठी, त्यांच्या मुलांसाठी. त्यांची बुद्धी बदलू दे अशी नाही.

तक्रारीच्या प्रश्नाला माझ्याकडे पौलाचं उत्तर आहे, रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय, अठरावं वचन. शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्व माणसांबरोबर शांतीनं राहा. 'शक्य असेल तर' आणि 'तुमच्याकडून होईल तितकं', पौलानं दोन्ही लिहून ठेवलं आहे. शांतीतला आपला वाटा पुरा करायचा, त्यांचा वाटा आपण करू शकत नाही. तक्रार हा पाण्याचा प्रश्न आहे, तो सरकारदरबारी राहू दे. नमस्कार बंद ठेवणं हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो सुरू करायला कुणाच्या सहीची गरज नाही.

आणि सासूबाईंना अक्षर दिसत नाही म्हणालात, तर त्यांना पद्यातून ऐकवा. आपल्या याच किनाऱ्यावर, रत्नागिरी जिल्ह्यात 1861 साली जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं. ते आमच्या घरी आजही रोज रात्री म्हटले जातात. माझ्या आईला शेवटी गद्य वचन आठवेनासं झालं होतं, अभंग मात्र पुरे म्हणायची.

गिरीजची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. आज गाडीत बसून पुन्हा पुन्हा वाचलं.

मास्तर, 'भावाच्या मनात' ही गोष्ट इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आली नव्हती. मी रोज आमचीच बाजू प्रभूपुढे मांडत होते. त्यांच्या मनात काय असेल हे शोधायला लागले तेव्हा एक गोष्ट सुचली. आम्ही तक्रार द्यायच्या आधी त्यांना घरी जाऊन विचारलं नव्हतं. तलाठ्याचा माणूस पाहणीला आला तेव्हा त्यांना कळलं. त्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरत होतं आणि त्याला वेगळं घर हवं होतं, हे सासूबाईंनी काल मला सांगितलं. त्यामुळे बावखल बुजवणं बरोबर ठरत नाही. पण त्यांना काय लागलं असेल ते दिसतं.

भाऊ, तीन अध्याय सलग वाचून दाखवले. सासूबाईंनी मध्ये थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मी येते तुझ्याबरोबर, ती माझी जाऊ आहे, तू एकटी जाऊन काय बोलशील?" नवऱ्याशीही बोलले. तक्रार मागे घ्यायची नाही हे त्याचं ठाम आहे आणि माझंही. पण तो म्हणाला, तुम्ही जा, मी अडवत नाही. त्याच्याकडून एवढं आलं हे मला पुष्कळ वाटतं.

मावशी, तुम्ही दिवस ठरवायला सांगितलंत, तर बुधवार ठरवला आहे, मला सुट्टी आहे. आता एकच विचारते. बावखलाचा विषय निघाला तर काय बोलायचं? आणि जाताना काही घेऊन जायचं का?

उत्तनची_मावशी

काही घेऊन जाऊ नकोस. हातात काही असलं की त्यांना वाटेल मन वळवायला आलात. दुपारी तीन-चारच्या सुमाराला जा, पुरुषमाणसं बाहेर असतात आणि बायकांना जरा उसंत असते. रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात अजिबात बोलू नकोस, लोक बघतात, मग समोरच्याला ताठ राहावं लागतं.

आधी लग्नाचं विचार, सून कशी आहे, कुठली आहे. तक्रारीआधी घरी आलो नाही, हे सासूबाईंनी मोठ्या जावेच्या नात्यानं सांगावं, तू सांगू नकोस, तू धाकटी. विषय निघाला तर सरळ सांग की तक्रार आहे ती राहील, पाणी सगळ्यांचं आहे, पण मुलाच्या घरासाठी वाडीत दुसरीकडे जागा निघते का ते दोन्ही घरांनी मिळून बघू. हे खोटं बोलू नकोस, आधी नवऱ्याला विचार की तो खरंच बघायला तयार आहे का.

आणि ती मत्तयची ओळ तिथे म्हणून दाखवू नकोस. त्या दिवशी मिस्सेला त्यांनीही ऐकली असेल.

निर्मळचा_मास्तर

मावशींचं बरोबर आहे. ताई, जागेचं बघायची वेळ आली तर मोजणीचा जुना नकाशा काढून घ्या, वाडीच्या हद्दी त्यात स्पष्ट असतात आणि तोंडी आठवणींवरून पुन्हा वाद होत नाहीत. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करावा लागतो. अर्ज कसा लिहायचा ते हवं असेल तर इथेच विचारा, मी मजकूर टाकतो. अर्जावर दोन्ही घरांच्या सह्या घेता आल्या तर उत्तमच.